मासिक पाळीतील पालेभाज्या व वनौषधी : ओळख, मात्रा आणि सावधगिरी

कपाशीच्या निंदणाला गेलेली स्त्री सायंकाळी घराकडे वळते, तेव्हा तिच्या ओटीत बहुधा पाल्याची एक मूठ असते. कधी चिवळ, कधी तरोट्याचे कोवळे शेंडे, कधी कुंजर, तर कधी तांदुळजा. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर, हे दृश्य पावसाळाभर दिसते. विकत न घेता मिळणारी ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या घराला पुरत आली आहे. त्याच ओटीतून काही मुळ्या, काही साली व काही बियाही घरी येतात. त्यांचा उपयोग भाजीसाठी नसतो, काढ्यासाठी असतो. पाळीत पोट दुखले, अंगावरून फार गेले अथवा पाळी लांबली, की शेजारची जाणती बाई एखादा पाला सुचविते आणि तो उकळून घेतला जातो.

या ज्ञानात पुष्कळ चांगले आहे आणि ते टाकून देण्याचे कारण नाही. परंतु पाला कोणता, कोठून आणला, किती घेतला आणि कोणत्या स्थितीत घेतला, या चार गोष्टींपैकी एकीचीही चूक झाली तर गुणकारी वस्तू घातक ठरते. स्त्रिया या विषयावर मोकळेपणी बोलत नाहीत. त्यामुळे चूक लवकर उघडकीस येत नाही आणि दवाखान्यात पोहोचण्यास उशीर होतो. म्हणून गावोगावच्या महिला मंडळांत एकत्र बसून वाचता यावा असा हा पाठ येथे देत आहोत.

१. पाळीत शरीरात काय घडते

दर महिन्यास गर्भाशयाच्या आतील बाजूस मऊ अस्तर तयार होते. गर्भ न राहिल्यास ते गळून रक्तासह बाहेर पडते. ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. यात अशुद्ध रक्त बाहेर टाकले जाते ही समजूत खरी नव्हे. साधारणतः २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने पाळी येते आणि २ ते ७ दिवस राहते. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे सहा ते आठ लहान चमचे रक्त जाते. हे प्रमाण ८० मिलिलिटरच्या वर गेले तर तो अतिस्राव समजावा.

एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे साध्या पाळीतही १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते आणि अतिस्रावात त्याच्या दुप्पट किंवा अधिक. ही तूट आहारातून भरून निघाली नाही तर पंडुरोग जडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. चार वर्षांपूर्वीच्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. धाप लागणे, चक्कर येणे, दिवसभर थकवा वाटणे आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू फिकी दिसणे ही त्याची लक्षणे होत. कापूस वेचणाऱ्या बाईला हा थकवा कामाचा वाटतो. पुष्कळदा तो रक्ताच्या उणिवेचा असतो.

२. पाला अन्न म्हणून आणि पाला औषध म्हणून

ताटातील भाजी आणि पेल्यातील काढा यांत मोठा भेद आहे. भाजी ही ओळखीची असते, ती घरातील सर्वजण खातात, शिजवून खातात आणि तिचे प्रमाण पोटाच्या भुकेने ठरते. काढ्यात मात्र पाल्याचा, मुळीचा वा सालीचा अर्क एकवटलेला असतो. तो शरीराकडून एखादे काम करवून घेण्यासाठी, म्हणजे कळ थांबविण्यासाठी, स्राव कमी करण्यासाठी अथवा पाळी आणण्यासाठी घेतला जातो. जी वस्तू शरीरात काम करते ती अपायही करू शकते. झाडपाला असल्यामुळे तो निरुपद्रवी असतो, असे कधीही मानू नये. अफू, धोतरा व एरंडाचे बी हीही झाडांचीच देणगी आहे.

म्हणून पहिला नियम असा : नेहमीच्या भाज्या पाळीत निःशंकपणे खाव्या. काढा मात्र त्रासाचे कारण कळल्याखेरीज घेऊ नये.

पाळीच्या दिवसांत दही, चिंच, लोणचे वर्ज्य करण्याची किंवा हिरवा पाला न खाण्याची चाल काही घरांत आहे. त्यास शास्त्राचा आधार नाही. ज्या दिवसांत रक्त जाते त्याच दिवसांत सकस अन्नाची गरज असते. “कावळा शिवला” म्हणून बाजूला बसविलेल्या मुलीच्या ताटातून भाजी वगळणे हे उलट्या दिशेचे पाऊल होय.

३. रक्त भरून काढणारा आहार

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, पुरुषास १९. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम, तर तितक्याच तांदुळजाच्या किंवा शेवग्याच्या पाल्यात सुमारे ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते. केवळ एका भाजीवर भिस्त ठेवून गरज भागत नाही, हे यावरून ध्यानात येईल. भाकरी, डाळ, भाजी, तीळ व गूळ या सर्वांची मिळून बेरीज करावी लागते. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी व मासे यांतील लोह शरीरात अधिक सहज शोषले जाते.

वनस्पतींतील लोहाचा थोडाच अंश शरीर घेते. तो वाढविण्याचे उपाय सोपे आहेत :

(अ) जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असावा. भाजीवर लिंबू शिजवताना न पिळता ताटात पिळावे. उष्णतेने त्यातील ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते.

(आ) जेवणाबरोबर आणि जेवणानंतर एक तासपर्यंत चहा घेऊ नये. चहातील तुरट द्रव्य लोह अडवून धरते. शेतावर न्याहारीसोबत चहा घेण्याची सवय असल्यास चहा आधी किंवा पुष्कळ नंतर घ्यावा.

(इ) मटकी, मूग, हरभरा मोड आणून खावे.

(ई) आंबट भाजी, उदाहरणार्थ अंबाडी, लोखंडी कढईत शिजवावी आणि शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

(उ) पालकात ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते व ते लोहाच्या शोषणास अडथळा आणते. पालक खावा, परंतु त्याच्या जोडीला तांदुळजा, शेवगा, मेथी, शेपू व चवळीचा पाला आलटून पालटून असावा.

पंडुरोग एकदा जडला म्हणजे केवळ आहाराने तो लवकर हटत नाही. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. किशोरवयीन मुलींना शाळेतून व अंगणवाडीतून आठवड्यास एक निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळीने शौचास काळसर होते, त्यात भिण्याचे कारण नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रोग आढळतो. त्यातही अंग फिके पडते, सांधे दुखतात आणि थकवा येतो, परंतु त्याचे कारण लोहाची उणीव नसते. वारंवार अंगदुखी व फिकेपणा असल्यास सिकलसेलची तपासणी प्रथम करून घ्यावी. “रक्तवाढीचा” पाला खाऊन तो रोग बरा होत नाही.

४. कळा थांबविण्यासाठी काय घ्यावे

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ओटीपोटात येणाऱ्या कळा गर्भाशयाच्या आकुंचनामुळे येतात. शेक देणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापविलेली वाळूची पुरचुंडी जाड फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवावी. चटका बसणार नाही इतकीच ऊब असावी.

घरगुती वस्तूंपैकी आल्याविषयी काही चाचण्या झाल्या आहेत. दिवसाकाठी पाऊण ते दोन ग्रॅम सुंठ पहिले तीन-चार दिवस घेतल्यास कळा कमी झाल्याचे त्यांत दिसले. चाचण्या लहान असल्याने हा पुरावा भक्कम म्हणता येत नाही, तरी वस्तू स्वयंपाकातीलच आहे. अर्धा लहान चमचा सुंठपूड गुळासह गरम पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा, जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी घेतल्यास जळजळ होते.

ओवा, बडीशेप व बाळंतशेप यांचे पाणी परंपरेने दिले जाते. वायू सरतो व पोटास बरे वाटते. एक लहान चमचा ओवा दोन पेले पाण्यात उकळून एक पेला उरवावा आणि तो दिवसभरात घोट घोट घ्यावा. मेथ्या एक लहान चमचा रात्री भिजत घालून सकाळी चावून खाण्यास हरकत नाही. हळिवाची खीर किंवा लाडू हे अन्न म्हणून उत्तम. एका वेळी एक-दोन चमच्यांहून अधिक हळीव नसावे आणि ते भिजवूनच वापरावे.

पुढील स्त्रियांनी या वस्तू स्वयंपाकातील मात्रेपेक्षा अधिक घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा : रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्या, मधुमेहाचे औषध घेणाऱ्या (मेथीने साखर आणखी उतरते), पित्ताचा व्रण असलेल्या, आणि दिवस गेल्याचा संभव असणाऱ्या. वेदनाशामक गोळी घ्यावयाची झाल्यास ती डॉक्टरांस विचारून, भरल्या पोटी घ्यावी. गोळी व काढा दोन्ही एकदम घेऊ नयेत. पुष्कळ वर्षे न दुखता आता नव्याने दुखू लागले, दुखणे दर महिन्यास वाढू लागले, किंवा पाळी सरल्यावरही राहिले, तर उपाय बदलत न बसता तपासणी करून घ्यावी.

५. ओळखीतील चुका

रानातील पाला ओळखण्यात अनुभवी डोळाही फसतो. तीन उदाहरणे येथे देतो.

तरोटा व कासविंदा : तरोटा (याला इतरत्र टाकळा म्हणतात) आणि कासविंदा ही दोन्ही पिवळ्या फुलांची तणे पडीक जमिनीत शेजारी शेजारी उगवतात. तरोट्याच्या एका पानावर बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात व पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्याच्या चार ते सहा जोड्या असतात, टोक अणकुचीदार असते आणि पान चुरडल्यास उग्र घाण येते. कासविंद्याचे बी विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात ते खाल्ल्याने मुले दगावल्याचे डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवून दिले. त्या विषाने यकृत, स्नायू व मेंदू यांवर एकदम घाला पडतो. तरोट्याचाही केवळ कोवळा पाला, फुले येण्यापूर्वी, शिजवून खावा.

कळलावी : पावसाळ्यात कुंपणावर व जंगलाच्या कडेला चढणारी ही वेल आहे. पानाच्या टोकाचा ताणा वळलेला असतो आणि फूल आधी हिरवट पिवळे, मग अग्नीसारखे तांबडे होते. हिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कळा आणणारी म्हणून मराठीत कळलावी. पाळी आणण्यासाठी किंवा गर्भ पाडण्यासाठी या कंदाचा उपयोग करण्याची अघोरी चाल जुनी आहे. या कंदात कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या व रक्ती जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंडे व इतर अवयव निकामी होतात आणि मृत्यू ओढवतो. हिचा कोणताही भाग, कोणत्याही मात्रेत, पोटात घेऊ नये. रताळे किंवा रानकंद म्हणून कोणी आणून दिले तरी वेल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिजवू नये.

अशोक : स्त्रीरोगांवर सांगितलेला अशोक हा नारिंगी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा, संयुक्त पानांचा वृक्ष आहे. रस्त्याच्या कडेला व शाळांच्या आवारात उंच, निमुळता वाढणारा, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा ‘अशोक’ हा निराळा वृक्ष असून त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळून विकली जाते. आठवडी बाजारात उघड्यावर मिळणारी साल कोणत्या झाडाची, हे सांगता येत नाही. तयार औषध घेणे झाल्यास परवाना क्रमांक, निर्मितीची तारीख व मुदत छापलेली बाटली घ्यावी, तीही वैद्याच्या सल्ल्याने. नावाविना पुडीत दिलेली चूर्णे घेऊच नयेत. अशा चूर्णांत शिसे व पारा आढळण्याचे प्रकार घडलेले आहेत.

६. पाला कोठून आणावा

आमच्या मते आजच्या काळात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आजीच्या वेळी कपाशीत उगवलेली चिवळ आणि आजची चिवळ दिसण्यात एकच आहे, परंतु तिच्यावर पडणारे पाणी बदलले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ही बाधा प्रामुख्याने फवारणाऱ्यांना, श्वासातून व कातडीतून झाली. तथापि ज्या पिकावर ते औषध पडते त्याच पिकाखालील तणावरही ते पडते, हे विसरता कामा नये.

कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षेचे दिवस छापलेले असतात. ते दिवस त्या पिकासाठी ठरविलेले असतात, त्यातील तणासाठी नव्हे. शिवाय कित्येक औषधे आंतरप्रवाही असतात. ती पानाच्या आत शिरतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. यासाठी पुढील नियम कसोशीने पाळावे :

(अ) जुलै ते ऑक्टोबर या फवारणीच्या हंगामात कपाशी, तूर व सोयाबीनच्या शेतातील, धुऱ्यावरील किंवा शेजारच्या चारीतील पाला भाजीसाठी अथवा काढ्यासाठी तोडू नये.

(आ) तणनाशक मारलेल्या जागेवरील पाला, तो हिरवा दिसत असला तरी, घेऊ नये.

(इ) रानभाजी आणावयाची तर फवारणी न होणाऱ्या पडिताची, गावठाणाची किंवा जंगलाच्या कडेची आणावी. गटाराच्या व सांडपाण्याच्या काठची आणू नये.

(ई) पाला पसरट भांड्यात तीन वेळा नव्या पाण्याने धुवावा. याने माती, जंतांची अंडी व वरवरचे औषध जाते. आत शिरलेले जात नाही.

(उ) कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही घासला तरी त्यात ओवा, सुंठ, हळद किंवा पाणी साठवू नये. डबा भोके पाडून निरुपयोगी करावा.

पाला खाल्ल्यावर तोंडास लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, हातपाय थरथरणे यांपैकी काही दिसल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या फंदात पडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेला पाला व औषधाचा डबा सोबत घेऊन जावे. दारव्ह्याच्या शासकीय रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचण्यास विलंब करू नये.

७. पाळी लांबली असता

असे समजू या की, एका विवाहित शेतमजूर स्त्रीची पाळी बारा दिवस लांबली आहे. अशक्तपणामुळे असेल असे तिला वाटते. सासूबाई म्हणतात, “काळाबोळ घे, मोकळं होईल.” काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळविलेला चीक. पाळी आणणाऱ्या जुन्या गोळ्यांतही कोरफडीचा चीक, हिंग व कासीस असतात. या द्रव्याने आतड्यांस तीव्र पीळ पडतो, जुलाब होतात आणि गर्भाशयासही चेतना मिळते. ती स्त्री गर्भवती असेल तर रक्तस्राव सुरू होऊ शकतो, पण गर्भ पूर्णपणे पडतोच असे नाही. अर्धवट राहिलेल्या गर्भाने रक्त जाणे व विषार पसरणे हे दोन्ही धोके संभवतात. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत, राहिलेला असेल तर काढ्यात गेलेला एक-एक दिवस नळी फुटण्याच्या दिशेने नेतो.

यावर उपाय अगदी लहान आहे. पाळी एक आठवडा लांबल्यास कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी लघवीची गर्भतपासणी करावी. आशा ताईंकडे ‘निश्चय’ नावाचे तपासणी साहित्य मिळते आणि पाच मिनिटांत उत्तर कळते. गर्भ नसेल तर पंडुरोग, थायरॉइड, फार उपास, फार श्रम वा मनाचा ताण यांपैकी कारण कोणते, हे डॉक्टर शोधतील. गर्भ असेल व तो हवा असेल तर त्या दिवसापासूनच काळजी सुरू होते. नको असेल तरी झाडपाल्याचा मार्ग धरू नये. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने, त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीसह, मान्यताप्राप्त केंद्रात कायद्याने ठरविलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत आणि विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची तरतूद आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. हे ठाऊक असते तर कळलावीच्या वाटेस कित्येक जणी गेल्या नसत्या.

८. काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा अशी लक्षणे

(१) दर तासास कापड किंवा घडी बदलावी लागणे आणि असे दोन तासांहून अधिक चालणे.
(२) रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडणे.
(३) रक्तस्राव सात दिवसांहून अधिक राहणे, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये वा संबंधानंतर रक्त जाणे.
(४) पाळी कायमची गेल्यावर एक वर्षाने पुन्हा थोडेही रक्त दिसणे. हे कर्करोगाचे लक्षण असू शकते.
(५) पाळी चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूस तीव्र दुखणे व घेरी येणे. अशा वेळी एक क्षणही दवडू नये.
(६) ताप व दुर्गंधीयुक्त स्राव.

९. परसबागेतील वाफे

स्वच्छ पाला हवा तर तो आपल्या दारातच लावणे उत्तम. पाच माणसांच्या घरास सहा मीटर लांब व चार मीटर रुंद जागा पुष्कळ झाली. जागा फवारणीच्या शेतापासून दूर आणि वाऱ्याच्या आडोशाला असावी.

बांधावर शेवग्याची दोन झाडे जून-जुलैत लावावी. उंची कमरेएवढी झाल्यावर शेंडे खुडत गेल्यास पाला हाताशी राहतो. एका कोपऱ्यात लिंबाचे एक झाड व एक कढीपत्ता. उरलेल्या जागेत लहान वाफे पाडून तांदुळजा व राजगिरा थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरावा. तो २५ ते ३० दिवसांत काढणीस येतो. मेथी, शेपू व सांबार ऑक्टोबरपासून पेरावे. हळीव थंडीत उत्तम येते, कोवळा पाला तीन आठवड्यांत आणि बी तीन-चार महिन्यांत मिळते. आले व हळद मे-जूनमध्ये अर्धसावलीत लावल्यास पुढील हिवाळ्याअखेर घरची सुंठ व घरची हळद होते. विकतच्या हळकुंडांवर कधी कधी चकाकीसाठी शिशाचा पिवळा रंग चढविलेला असतो, ती भीती घरच्या हळदीत राहत नाही. खत म्हणून कुजलेले शेणखत वापरावे. मावा पडल्यास प्रथम साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि कीड लागलेली पाने खुडून टाकावी. शेतातील औषध या बागेत आणू नये.

१०. महिला मंडळासाठी प्रात्यक्षिक

मंडळाच्या एका बैठकीत पुढील तीन गोष्टी करून पाहाव्या. पहिली, तरोटा व कासविंदा यांच्या फांद्या शेजारी ठेवून प्रत्येकीने जोड्या मोजाव्या व नंतर हात धुवावे. दुसरी, घरोघरचे चमचे आणून त्यांत सुंठ किती मावते ते ताजव्यात तोलावे. एकीचा ‘चमचा’ दुसरीच्या दुप्पट असतो, हे सर्वांच्या ध्यानात येईल. तिसरी, प्रत्येकीने भिंतीवरील दिनदर्शिकेत पाळीच्या पहिल्या दिवसावर ठिपका करण्याची सवय लावून घ्यावी. तीन महिन्यांत आपले अंतर कळते. पाळी लांबली की नाही हे मग अंदाजाने नव्हे, तर दिनदर्शिका पाहून ठरते आणि तीच दिनदर्शिका डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

सारांश

ओळखीचा, स्वच्छ जागेचा, शिजविलेला पाला पाळीच्या चारही दिवसांत खावा व लिंबाची फोड सोबत असावी. कळांसाठी शेक व सुंठ पुरेशी. फवारणीच्या शेतातील पाला व कळलावी यांस हात लावू नये. पाळी लांबल्यास आधी तपासणी, मग औषध. फार रक्त जात असल्यास काढ्याची वाट न पाहता दवाखाना.

निंदणाहून परतणाऱ्या भगिनीच्या ओटीतील मूठभर पाला ही तिने घरासाठी केलेली कमाई आहे. ती कमाई तिच्याच जिवावर उलटू नये, एवढ्यासाठी ही सावधगिरी.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावाच्या शिवारात फवारणी न होणाऱ्या जागा कोणत्या? तेथे कोणकोणत्या रानभाज्या मिळतात?
(२) कपाशीतील चिवळ तीन वेळा धुतल्यावरही का खाऊ नये?
(३) तरोटा व कासविंदा यांतील तीन भेद सांगा.
(४) पाळी दहा दिवस लांबलेल्या शेजारणीस आपण प्रथम कोणता सल्ला द्याल?
(५) आपल्या घरी जेवणानंतर किती वेळाने चहा होतो? तो कसा बदलता येईल?